ब्लँकोखालचा बुरा

आरोंद्याच्या खाडीकाठी आमची चौकी होती, तेव्हा पलीकडे गोव्यात अजून पोर्तुगीजांचा अंमल होता. मी सिग्नलमन होतो. गाव मालवणजवळचं, म्हणून ओल मला नवी नव्हती. तरी त्या पावसाळ्यात चौकीतल्या प्रत्येक वस्तूला बुरा आला. बुटांच्या आत हिरवट लव उगवली. माझ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरे ठिपके पडले. आम्ही पुसायचो, तो परत यायचा.

सर्वांत वाईट हाल लाइफ जॅकेटांचे होते. खाडीतली गस्त संपली की ती ओलीच स्टोअरमध्ये एकावर एक पडायची. ती अंगाला आवळायचे सुती पट्टे काळे ठिपकेदार झाले होते.

एक दिवस हवालदार कदम म्हणाले, "उद्या इन्स्पेक्शन. एकही डाग दिसता कामा नये."

फौजेत यावर एकच उपाय ठाऊक होता: ब्लँको. पट्ट्यांना लावायचा खाकी लेप. लान्सनायक बस्त्याव त्यात वाकबगार होता. तोही आमच्याच बाजूचा, ख्रिस्ती कुटुंबातला. नाताळनंतर त्याचं लग्न ठरलं होतं. त्याचा लग्नाचा कोट मुंबईहून शिवून आला होता आणि त्याबद्दल तो रोज काहीतरी सांगायचा.

मी विचारलं, "बस्त्याव, आधी बुरो घासून काढलंस काय रे?"

"कित्याक? बुरो रंगाखाली गेलो म्हणजे मेलो."

"आणि वाळवतलंस खंय?"

"मास्तरा, तू पुस्तक वाच. साहेबांका पट्टो दिसतलो, बुरो नाय."

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना खरंच पट्टाच दिसला. त्यांनी "शाबास" म्हटलं. जॅकेटं तशीच दमट, घडी करून पेटीत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात ओहोटी चालू असताना वरून पुराचं पाणी आलं. चौकीसमोर एक होडी उलटली. तिच्या तळाला एक म्हातारा मच्छीमार बिलगून होता. बस्त्याव उत्तम पोहणारा. त्याने जॅकेट चढवलं, त्याच्या पाठीमागच्या कडीत रोप, म्हणजे जाड दोर, अडकवला.

"रोप तपासला?" हवालदारांनी विचारलं.

"तपासला, सर."

पट्टे कोणी ओढून पाहिले नाहीत. ते नवे दिसत होते.

तो म्हाताऱ्यापर्यंत पोहोचला. पलीकडून गावकऱ्यांची होडी येत होती, तिच्यात त्याने म्हाताऱ्याला ढकललं. मग आमच्याकडे हात वर केला. हवालदारांनी ऑर्डर दिली, "खेचा!"

चौघांनी रोप खेचला. प्रवाहाचा जोर होता. एकाएकी रोप हलका झाला.

मी वायरलेस सेटवर होतो. "पाण्यात एक जवान. बोट पाठवा. ओव्हर."

"मेसेज मिळाला. बोट निघते. आऊट."

रोपाच्या टोकाला जॅकेट आलं, छातीवरचा पट्टा तुटलेलं. बस्त्याव नव्हता. तो दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी सापडला.

तो तुटलेला पट्टा मी हातात घेतला होता. वरचा लेप शाबूत होता. आतलं सूत बोटांत भिजल्या कागदासारखं सुटलं. बुरा म्हणजे मळ नव्हे, हे मला तेव्हा कळलं. तो जिवंत असतो. ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की सूत, चामडं, लाकूड, जे समोर येईल ते खातो. रंगाने तो मरत नाही, आपल्याला दिसेनासा होतो, एवढंच. म्हणून घरी कोणी ओल्या भिंतीला चुना लावू लागलं की मी आधी गळती शोधायला सांगतो. पेटीतले कपडे उन्हात टाकायला सांगतो. लोकांना हे फौजी खूळ वाटतं.

बस्त्यावचं सामान घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. निघताना त्याच्या आईने कोट माझ्या हातात दिला.

"झिला, ह्यो तुझ्याकडे ऱ्हवांदे. माझ्या घरात ओल आसा."

पाऊस सरून कडक ऊन पडलं की मी तो काढतो, अस्तर उलटं करतो, शिवणी ओढून पाहतो आणि अंगणातल्या दोरीवर घालतो. त्या दिवशी ती माउली चालत येते. आधी कोट नाकाशी नेते. वास नाही, अशी खात्री झाली की रिकाम्या बाहीत हात घालते आणि ऊन उतरेपर्यंत तशीच उभी राहते.