पाच एकरांत साठ क्विंटल

एका घरात रचलेला सगळा कापूस मी यंदाचं पीक म्हणून लिहून आले, आणि वर स्वतःला हुशार समजत घरी येऊन पोहे खाल्ले.

पन्नाशीला टेकलेली घोडी होते मी. शेतीच्या पाहणीचं काम कंत्राटावर करत होते. फॉर्मवर दोन रकाने असत : यंदा किती पिकलं, आणि आज घरात किती आहे. दोन्ही वेगळे, हे प्रशिक्षणात साहेबांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी शेजारच्या बाईकडून तिच्या सुनेची तक्रार ऐकत होते.

रोहणा गावातल्या त्या घरात आढ्यापर्यंत कापूस होता. बसायला जागा नाही, म्हणून घरच्या बाईनं मला ढिगावरच बसवलं आणि चहा दिला. तिला शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला जायची घाई.

"किती असेल हो हा?"

"साठ क्विंटल असन."

पहिल्या रकान्यात साठ लिहिलं. तोच आकडा पुन्हा कशाला, म्हणून दुसऱ्यात रेघ ओढली. भाव मिळाला नाही की लोक कापूस पुढच्या सालापर्यंत घरात ठेवतात, हे वर्ध्यात जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायचं?

तीन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. "कोरडवाहूत एकरी बारा क्विंटल? घरी बसूनच फॉर्म भरला ना? उद्या गाडीत बसा, त्या घरी जाऊ."

घरबसल्या फॉर्म भरले म्हणून दिवाळीआधीच एकीला काढलं होतं. तिच्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांत मी पहिली होते. त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं.

आर्वीच्या रस्त्यानं गाडी निघाली. मी मनात घोकत होते, कापूस आहे ना, ढीगच दाखवू. खोटं तर नाही लिहिलं.

दार उघडं होतं. आत खोली झाडून लख्ख. कापसाचा एक पुंजकाही नाही. व्यापाऱ्याची गाडी आठवड्यापूर्वीच येऊन गेली होती.

साहेबांनी खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काम तर जाणारच, पण खोटारडी म्हणून जाणार. तेवढ्यात मागच्या दारानं ती बाई आली, हात मातीनं भरलेले.

"या बाई आल्या होत्या इथे?" साहेबांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ! ओळखलं नाही तर?

"आलत्या नं जी. कापसावर बसून चाय पेल्या, अन् अर्धा कापूस पातळाले लावून घेऊन गेल्या."

साहेब हसले नाहीत. "मग पाच एकरांत साठ क्विंटल?"

"दोन सालचा होता तो. मांगच्या साली भाव नाई भेटला, म्हणून ठेवलता. यंदा तीसच झाला. यायनं इचारलं तरी कुठं?"

साहेबांनी पहिल्या रकान्यात तीस लिहिलं, दुसऱ्यात त्या दिवशीचे साठ, आणि फॉर्म माझ्या हातात ठेवून गाडीकडे गेले. "मी दिसला तेवढा लिहिला हो," मी पुटपुटले.

माझं कोपर धरून ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "अवो बाई, माह्या घरी पाच लेकरं दिसून राह्यली, म्हणून म्या काय एकाच सालात पाच बाळतपनं केली काय?"