समोरची फळी

जंगलातून घरी आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. वाटतं, सगळी निघाली. मग चार-आठ दिवसांनी कोणाच्या घरी हळदीकुंकवाला मांडी घालून बसावं, तर एक नेमकं पोटरीला टोचतं! आमच्या आळीच्या जंगलफेऱ्यांचे किस्सेही तसेच आहेत. डाळ निवडताना एक आठवतो; तो काढून टाकावा तर त्याच्याखाली दुसरा निघतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, पाहण्यात होणार नाहीत. नागपूरच्या महाल भागात आमच्या आळीत कोणाकडे काय शिजतं हे मला वासावरून कळतं, तर बैलबंडीत बसलेल्या माणसाने काय पाहिलं हे त्याच्या तोंडावरून कळणारच ना!

या फेऱ्या सुरू केल्या समोरच्या बापूरावांनी. त्यांची लाकडाची वखार. सागवान घ्यायला ते उमरेडच्या पलीकडच्या जंगलात जात, तिथल्या एका मालगुजाराशी, म्हणजे गावच्या जमीनदाराशी, त्यांची चांगली ओळख. संक्रांत झाली की बापूराव आळीतल्या पाच-सहा जणांना घेऊन निघत. इतवारीहून छोट्या लाइनीची गाडी, उमरेडहून सदू गाडीवानाची बंडी, मुक्काम मालगुजाराच्या ओसरीवर. काम एकच, जंगलात फिरायचं आणि जनावरं पाहायची. नुसती पाहायची!

आता नुसतं पाहायला जंगलात कोण जातं? त्या काळात जो जाई तो बंदूक घेऊन जाई. म्हणून पहिल्याच वर्षी नाक्यावरच्या फॉरेस्ट गार्डाने आमची बंडी अडवली.

"बंदूक कुठं लपवली?"

"बंदूक नाही बा," बापूराव म्हणाले.

गार्डाने बंडीत अंथरलेलं भाताचं सारं तणस उपसलं. त्यात माझी लोणच्याची बरणी निघाली, तिळाचे लाडू निघाले, आमच्या ह्यांची कानटोपी निघाली. बंदूक काही निघेना.

"मारत नाही, मंग करता काय?"

"पाहतो."

"अन् पाहून?"

"घरी जातो."

गार्डाने एक लाडू उचलला. मग तो तोंडात टाकून म्हणाला, "साहेब लोकाइले वेड लागते, हे आयकलं होतं. आता आपल्याही लोकाइले लागून राहिलं काय गा!"

*

बापूरावांचे कायदे कडक. जंगलात बोलायचं नाही. जनावर दिसलं तरी ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ज्याला दिसलं त्याने शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याने पुढच्याच्या. अशी खबर पूर्ण बंडीत फिरवायची.

एकदा बापूरावांना रोही, म्हणजे नीलगायीचा नर, दिसला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी आमच्या ह्यांच्या. हे डुलक्या घेत होते. खांद्याला हात लागला तसे डोळे न उघडताच खणखणीत आवाजात म्हणाले, "उठलो वं, उठलो! चहा टाक!"

तो रोही अजून पळत असेल.

*

दुसरा कायदा फळीचा. सदूच्या पाठीमागे बंडीत एक आडवी फळी बसवली होती. तिच्यावर जेमतेम दोघं मावत. वाट सगळ्यात चांगली तिथूनच दिसे. तर कायदा असा, की ज्याने अजून वाघ पाहिला नाही, तो समोरच्या फळीवर. वाघ दिसला की उठायचं आणि मागे तणसात, जागा मिळेल तिथे बसायचं. रोज दिवस मावळताना मालगुजाराच्या ओसरीवर बापूराव पान लावत बसत आणि विचारत, "आज कोणाले दिसला?" मग उद्याच्या सीटा ठरत. यात भाऊ नाही, वहिनी नाही. स्वतःच्या सासऱ्यांना त्यांनी मागे बसवलं होतं!

असे हे कडक बापूराव एका सकाळी लोटा घेऊन झाडीत गेले आणि गेले तसे धावत परत आले. धोतराचा सोगा हातात, लोटा काठोकाठ भरलेलाच.

सदूने विचारलं, "काहून जी, अस्वल दिसलं का?"

बापूराव दम घेत म्हणाले, "मले नाही दिसलं. त्याले मी दिसलो!"

*

फळीवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेलं जोडपं म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे नानाजी आणि यमुनाबाई. नानाजी टोप्या शिवत. इतवारीतल्या निम्म्या डोक्यांवर त्यांचीच टोपी. मूलबाळ नाही. दोघंही मितभाषी. त्यांच्या घरातून फक्त मशीनचा आवाज येई. माझ्यासारख्या शेजारणीला अगदी उपासच!

यमुनाबाईंचं माहेर जंगलाच्या काठचं. मी एकदा खोदून विचारलं, "लहानपणी वाघ लय पाहिले असतील नं?"

तर म्हणाल्या, "कायचे वं! वाघ आला म्हणलं की बापे काठ्या घेऊन बाहेर, अन् आम्हाले घरात घालून बाहेरून कडी! माह्या भावानं पाह्यला, काकानं पाह्यला, गड्यानं पाह्यला. मी दाराला कान लावून नुसती आयकत राहो. पूर्ण लहानपण माहं त्या दाराच्या मांगं गेलं."

त्यांना एकदा वाघ पाहायचा होता. दुसरं काही मागताना मी त्या बाईला कधी पाहिलं नाही. आणि त्यातच डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. डावा डोळा आधी गेला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या उठून आत जात; त्यांच्या मावशीचा डोळा त्यातच गेला होता. नानाजींनी जोर केला नाही. संक्रांत आली की ते फक्त त्यांची शाल काढून ठेवत.

*

बापूरावांनी एका वर्षी कामठीच्या छावणीतल्या लिलावात दुर्बीण घेतली. गोऱ्या साहेबाची दुर्बीण! आम्ही सगळे तिला नुसता हात लावून पाहत होतो. जंगलात पोचल्यावर कळलं, की तिची डावी नळी आंधळी आहे. उजवीतून तेवढं दिसे.

बापूरावांचं तोंड एवढंसं झालं. "फसवलं गा गोऱ्यानं!"

यमुनाबाईंनी दुर्बीण हातात घेतली. डोळ्यांना लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग हळूच हसल्या.

"अवं, हे तं माह्यासारखीच हाय! हे राहू द्या माह्यापाशी. आमचं दोघींचं जमते."

त्या दिवसापासून दुर्बीण त्यांच्या गळ्यात. बापूरावांनी परत मागितली नाही.

*

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बंडी नाल्यात उतरत होती. हिसका बसला आणि यमुनाबाईंच्या मांडीवरचं भाकरीचं फडकं खाली पडलं. त्या उचलायला वाकल्या, आणि नेमका तेव्हा वाघ नाला ओलांडून गेला! तेलाची धार ओघळावी तसा, आवाज न करता. सदूने पाहिला, बापूरावांनी पाहिला, मी पाहिला. नानाजींचा हात पटकन यमुनाबाईंच्या खांद्यावर पडला. त्यांनी फडक्यासकट मान वर केली, तोवर समोर नुसतं गवत हलत होतं.

"गेला काय?" त्यांनी विचारलं.

सदूने बैल पुढे हाकले.

दिवस मावळताना ओसरीवर बापूरावांनी पान लावायला घेतलं. "चला नानाजी, सुटले तुम्ही. उद्यापासून मांगं तणसात."

नानाजी म्हणाले, "मले नाही दिसला."

"अन् वैनीच्या खांद्यावर हात ठेवला तो?"

"तो थंडीनं ठेवला."

"थंडीनं?"

"थंडी वाजून राहिली होती. बायको हाय माही. ठेवला!"

सांगते तुम्हाला, त्या ओसरीवर आम्ही सगळेच कानापर्यंत लाल झालो. खबरीचा हात वेगळा; चारचौघांत बायकोच्या खांद्यावर उगाच हात, आणि वर असं सांगणं! बापूरावांच्या हातातला चुना सुपारीच्या डब्यात पडला. सीटांचा विषय तिथेच संपला. नानाजी दुसऱ्या दिवशी फळीवर, यमुनाबाईंच्या शेजारी.

मला काही चैन पडेना. नागपूरला परतल्यावर विहिरीवर त्यांना एकटं गाठलं. "नानाजी, माह्या गळ्याची शप्पथ, खरं सांगा. दिसला होता नं?"

नानाजींनी बादली वर ओढली, घागरीत ओतली. घागर खांद्यावर घेऊन चार पावलं गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "त्याची शेपटी लय लांब होती हो, वैनी."

*

मग आलं गेलं वर्ष. दिवाळीनंतर सीताबर्डीच्या डॉक्टरांनी यमुनाबाईंचा उजवा डोळा पाहिला आणि नानाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या थंडीपर्यंत यातूनही काही दिसायचं नाही. बाजूला घेऊन सांगितलं म्हणजे काय, दवाखान्यात मी सोबत गेलेच होते. आणि यमुनाबाईंचे डोळे अधू होते, कान नव्हते.

"म्हणजे हे आखरीचं," टांग्यात बसताना त्या म्हणाल्या. बस, तेवढंच.

जंगलात पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी चितळ दिसले, मोर दिसले. वाघ नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परतायचं होतं. बापूराव सकाळी सदूला म्हणाले, "गाडी उद्याही राहते. आज अजून एक चक्कर मार." वेळेच्या बाबतीत बापूराव किती कडक, हे ज्याला माहीत आहे त्यालाच याची किंमत कळेल!

दुपार झाली. डोक्यावर लख्ख ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही. साजाच्या झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं असा उजेड. मी तर मनात आशाच सोडली होती आणि आमचे हे डुलकीला लागले होते.

एकाएकी बैल थांबले. सदूने काही न करता थांबले. त्यांच्या कातडीवर नुसत्या लाटा उठत होत्या.

वाघ वाटेवरच होता. आला, थांबला, आणि बैलांसमोर धुळीत चक्क बसला! आपल्या ओसरीवर बसावा तसा. पंजा चाटला. जांभई दिली. बापूरावांचा हात माझ्या खांद्यावर आला, माझा ह्यांच्या खांद्यावर. ह्यांनी डोळे उघडले आणि जन्मात पहिल्यांदा चहा मागितला नाही.

फळीवर मात्र कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. यमुनाबाईंनी दुर्बीण उचललीच नाही. त्यांनी नानाजींचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. वाघ उठला. डावीकडून उजवीकडे सावकाश चालत गेला, आणि मी मागून पाहत होते, यमुनाबाईंची मान त्याच्यासोबत डावीकडून उजवीकडे सावकाश फिरत गेली. गवत मिटलं तरी ती मान तिकडेच होती. मग पदराचं टोक डोळ्यांना लागलं. नानाजी वाघाकडे पाहतच नव्हते. ते त्यांच्याकडे पाहत होते.

परतीच्या वाटेवर सगळी बंडी चूप. कायद्याने नाही, आपोआप.

संध्याकाळी ओसरीवर बापूराव पान लावायला बसले. सकाळी गाडीपूर्वी एक शेवटची फेरी होती, तिच्या सीटा ठरायच्या होत्या. त्यांच्या तोंडावर असं हसू, की जणू वाघ त्यांनीच वखारीतून पाठवला होता.

"हं, वैनी! सांगा मोठ्यानं. आज कोणाले दिसला?"

यमुनाबाई खाली पाहत शालीचे धागे सारखे करत होत्या. नानाजी त्यांच्या शेजारी.

"मले नाही दिसला बाप्पा," त्या म्हणाल्या.

बापूरावांनी चुन्याची डबी खाली ठेवली.

"मलेही नाही," नानाजी म्हणाले.

अंगणात सदू बैलांना वैरण टाकत होता, तो पेंढी घेऊन तसाच उभा राहिला. "अवं माय! माह्या बैलाइले दिसला, मांगच्या झोपलेल्याइले दिसला, अन् समोरच्या फळीवर तुमालेच नाही? काहून वं?"

बापूरावांनी पानाला चुना लावला. सुपारी घातली. एकदा यमुनाबाईंकडे पाहिलं, एकदा नानाजींकडे पाहिलं.

"धुकं होतं गा सदू," ते म्हणाले. "लय धुकं होतं."