बालवर्गातलं झाड आणि पांढरी लाइन

लाल काचेचा गोळा भाग्याच्या ओठाला टेकला होता. मार्था अक्कांनी एका हातानं तिचा गाल दाबला, दुसऱ्या हातानं गोळा काढून घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, हे झाड आपल्याला पुरून उरतंय," त्या म्हणाल्या. झाड शाळेत येऊन अजून जेवणाची सुट्टीही झाली नव्हती.

बिदरमध्ये तेव्हा इंग्रजी शाळांचं पेव फुटलं होतं. जनवाड्याच्या रस्त्यावरच्या अशाच एका नव्या शाळेत मी बालवर्गाची इन्चार्ज होते आणि मार्था अक्का माझ्या हाताखाली आया होत्या. आमच्या सेक्रेटरींना सगळे अण्णा म्हणत. अण्णा हैदराबादला गेले की तिथल्या एखाद्या शाळेत काहीतरी बघून यायचे आणि परत आले की ते आमच्याकडं सुरू व्हायचं. त्या डिसेंबरात ते प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री घेऊन आले. सोबत काचेचे गोळे, बारीक घुंगरं, प्लास्टिकची लाल फळं, चिनी लायटिंगची माळ आणि बर्फ म्हणून कापसाचे गठ्ठे. फोटोग्राफरही सांगून ठेवला होता. ॲडमिशनच्या पत्रकावर झाड आणि लेकरं, असा फोटो त्यांना हवा होता.

भाग्या तीन वर्षांची होती. आई-बाप पुण्याला बांधकामावर. आज्जा तिला सायकलवरून आणून सोडायचा. त्यांच्याकडं पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "बाई, ही दिसंल ते तोंडात घालती. कोकरू परवडलं, ते दगड तर सोडून देतंय. तुमच्या भरवशावर ठिवायलोय, बगा." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. पोरीला काही झालं असतं तर त्या म्हाताऱ्यापुढं उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक सोपी परीक्षा शिकवली होती. कॅमेऱ्याच्या फिल्म रोलची रिकामी डबी घ्यायची. जी वस्तू त्या डबीत मावते, ती लहान लेकराच्या घशातही अडकू शकते. तशी वस्तू वर्गात ठेवायची नाही. मी डबी काढली. घुंगरं मावली. प्लास्टिकची लाल फळं मावली. मोठे गोळे मावले नाहीत, पण ते काचेचे होते, आणि काच अशी पातळ की जराशी दाबली तरी फुटावी. मी ऑफिसात गेले.

"अण्णा, मी गोळे काढून टाकते."

"कामून? गोळ्यासाठीच तर झाड आणलंय."

"फुटले तर काच तोंडात जाईल."

"मग लेकरांना सांगा की, तोंडात घालू नगा म्हणून."

"तीन वर्षांचं लेकरू तोंडानंच बघतं, अण्णा."

अण्णा हसले, पण हटले नाहीत. "झाड वर्गातच ऱ्हाणार, बाई. अन् एका बी लेकराला काय झालं तर तुमाला इचारीन."

"मग झाड माझ्या पद्धतीनं राहील."

"ऱ्हाऊ द्या. पन बरफ काढायचा न्हाई. बरफाबिगर कसला ख्रिसमस?"

बिदरमध्ये राहून बर्फासाठी अडून बसलेला माणूस मी तो एकच पाहिला.

आम्ही कामाला लागलो. लेकरू उभं राहताना हाताला लागेल ते धरून ओढतं आणि हे झाड तर फुंकरीनं हलत होतं. म्हणून त्याचा बुडखा वाळूच्या बादलीत रोवला आणि शेंडा मागच्या खिडकीच्या गजाला दोरीनं बांधला. गोळे, घुंगरं आणि लाल फळं ऑफिसच्या कपाटात गेली. मार्था अक्कांच्या घरी दरवर्षी नाताळला सुरूची फांदी उभी करत आणि घरात नातवंडं भरपूर. "आमी खालच्या फांद्या रिकाम्याच सोडताव," त्या म्हणाल्या. "तितं लेकरांचंच राज्य." आम्हीही तेच केलं. वरच्या फांद्यांना जाड कागदाच्या चांदण्या आणि जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेले गोळे बांधले. खरं सांगते, काचेच्या गोळ्यांपेक्षा ते मला जास्त आवडले.

लायटिंगच्या माळेची वायर इतकी बारीक होती की दुधाच्या दातांनीही सोलली असती. शिवाय बल्ब तापतात आणि खाली कापूस. म्हणून माळ झाडावर लावलीच नाही. ती वर झरोक्याला लावली आणि तिचा प्लगही लेकरांच्या हाताच्या बाहेर ठेवला. बर्फ मात्र अण्णांच्या हुकमाप्रमाणे झाडावरच राहिला.

एवढं करूनही लेकरं झाडाशी जाणारच. दोरी लावली तर त्यात पाय अडकून पडतील. मग मी शहाबादी फरशीवर झाडाभोवती खडूनं मोठी गोल लाइन काढली आणि त्याचा खेळ केला. लाइनच्या आत कुणी पाय टाकला की सगळ्यांनी "लाइन! लाइन!" ओरडायचं. आत गेलेल्यानं दोन्ही हात पसरून झाड व्हायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवेपर्यंत हलायचं नाही.

सुरुवातीला भाग्या विद्यार्थिनी कमी आणि झाड जास्त होती. मग एकदा दुसरंच पोरगं आत गेलं आणि तिनं पहिल्यांदा दुसऱ्याला पकडलं. तेव्हापासून ती लाइनची हवालदारच झाली. रोज सकाळी मी लाइन गिरवताना शेजारी उकिडवी बसून लक्ष ठेवायची.

फोटोचा दिवस आला. मी लेकरांना लाइनच्या बाहेर बसवत होते. फोटोग्राफर कॅमेरा लावून तयार होता. एवढ्यात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात अण्णा आले. हातात ताट. ताटात नारळ, कुंकू आणि कापूर.

आमच्याकडं कुठलीही नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. बोअर असो, स्कूटर असो की झेरॉक्स मशीन. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णांनी त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं होतं. आज त्यांनी दारातच कापूर पेटवला आणि भक्तिभावानं, तोंडानं काहीतरी पुटपुटत, ताट पुढं धरून ते सरळ झाडाकडं निघाले. झाडाच्या वरच्या सगळ्या फांद्यांवर कापूस आणि समोर दाटीनं बसलेली लेकरं. मी लेकरांच्या पलीकडं होते.

अण्णांचा पाय लाइनच्या आत पडला.

"लाइन!" भाग्या किंचाळली.

"लाइन! लाइन!" सगळा वर्ग ओरडला. एवढा आवाज त्या वर्गात ना आधी कधी झाला, ना नंतर. अण्णा एक पाय आत, एक बाहेर, असे जागच्या जागी थिजले.

"काय झालं? काय झालं?"

तेवढ्यात मी धावले, त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मार्था अक्कांकडं दिलं. त्या ते घेऊन थेट अंगणात गेल्या. भाग्यानं अण्णांची पँट धरली.

"झाड व्हा!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"नियम आहे, अण्णा. आत जाणाऱ्यानं झाड व्हायचं."

"मी बी?"

"व्हय!" सगळी लेकरं ओरडली.

अण्णांनी आजूबाजूला बघितलं, घसा खाकरला आणि दोन्ही हात पसरले. लेकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फोटोग्राफर हुशार, त्यानं तेवढ्यात बटण दाबलं.

पूजा अंगणात पायरीवर झाली. नारळ फुटला, सगळ्यांना खोबरं मिळालं. कापूर विझेपर्यंत अण्णा त्याच्याकडं बघत होते, मग त्यांनी दारातून झाडाकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तेवढा बरफ काडून टाका."

पत्रकावर तोच फोटो छापला गेला. त्यात झाड अर्धंच दिसत होतं. अण्णा मात्र हात पसरून मधोमध उभे होते आणि पुढं भाग्या तोंड उघडून ओरडत होती. तो फोटो बघूनच आलो, असं किती तरी पालकांनी सांगितलं. भाग्याच्या आज्जानं ते पत्रक घडी करून खिशात ठेवलं. पुण्याला पाठवायचं म्हणाला.

पुढच्या डिसेंबरात अण्णा वर्गात आले ते दारातच थांबले. "बाई, लाइन कुटं हाय? आदी दाखवा," म्हणाले.

लेकरांपासून झाड कसं सांभाळायचं, हे मी शिकून आले होते. सेक्रेटरींपासून कसं सांभाळायचं, ते लेकरांनी शिकवलं.