हाकेला ओ

जपानी वसाहतींच्या काळातल्या कथांवर मी संशोधन करते, असं नांदेडात कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या कॉलेजातले एक सहकारी अजून विचारतात, "मॅडम, मग कराटे कधीपासून?" मीही हसून घेते. जपानी मला येत नाही, जपान मी पाहिलेला नाही. सगळी भिस्त इंग्रजी भाषांतरांवर. पण दुसऱ्याचा मुलूख ताब्यात घेतल्यावर तिथल्या माणसाला आपल्या घरात कसं ठेवतात, आणि त्या माणसाच्या मनात काय चालतं, हे कुतूहल एकदा मानगुटीवर बसलं ते उतरायला तयार नाही.

गेल्या वर्षी एका कथेपाशी माझं गाडं अडलं. कथा साधीच. एका बेटावर एक जपानी अधिकारी बदलून येतो. त्याच्या घरी कामाला डोंगरातल्या जमातीची एक मुलगी आणतात. तिचं नाव घरच्यांना नीट म्हणता येत नाही, म्हणून तिला नवं जपानी नाव देतात. तिला मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, दाराला कडीसुद्धा नसते. तरी ती जात नाही. मी त्यावर झोकात प्रकरण लिहिलं: उघड्या दाराची कैद, परकेपण, सत्ता, सगळा मालमसाला घातला. आणि बसनं लातूरला जाऊन माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवलं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही लिहिलंय, ती नव्या नावाला शरण गेली. शरण गेली म्हणजे नेमकं काय केलं तिनं?"

"हाकेला ओ द्यायला लागली, सर."

"पहिल्याच दिवशी?"

लेखकानं ते सांगितलेलंच नव्हतं. एका परिच्छेदात तिला नाव मिळतं, पुढच्या परिच्छेदात ती त्या नावानं चहा घेऊन येते. "मधलं काय ते शोधा," सर म्हणाले, "नाही सापडलं तर हे प्रकरण काढून टाका." परतीच्या बसमध्ये मला त्यांचा भयंकर राग आला. अहमदपूर यायच्या आत पटलं की ते बरोबर बोलतायत, आणि मग त्याचाच जास्त राग आला.

घरी माझी आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. "काय म्हनले सर?" तिनं विचारलं. गोष्ट ऐकायला तिला मनापासून आवडतं, म्हणून मी त्या मुलीची सगळी कथा सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या घरात तिच्या नावाचं आधीच कुनी व्हतं का?"

"नाही गं. त्यांना तिचं नाव म्हणता येत नव्हतं."

"माझ्या येळेला व्हतं."

लग्नात आईचं नाव बदललं होतं, एवढं मला माहीत होतं. तिच्या काळात सगळ्यांचंच बदलायचे; ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा, बायका हसायच्या. त्यात विचारण्यासारखं काही असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आता मी भाजीची एक जुडी ओढून तिच्यासमोर बसले.

आई देगलूरकडची. कंधारजवळच्या गावात लग्न होऊन आली, तेव्हा तिचंच नाव तिच्या नणंदेचंही होतं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून सुनेचं बदललं. मग झालं असं, की नणंदेला हाक मारली की आई उठायची, आणि आईला मारली की कुणीच उठायचं नाही.

"सासूबाई बोंबलून राहिल्या, आन् मी आपली भाकरी थापून राहिले," आई हसून म्हणाली.

सासूनं ठरवलं, भलत्याच हाकेला उठते म्हणजे पोरगी कानानं अधू आहे, आपल्याला फसवलं. तिला नांदेडला आणून कानाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. त्यानं तर आणखीच घोळ झाला. कानाचा दोष असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. आता सून हेकट ठरली. दिवाळीला माहेरी गेली की परत आणायची नाही, असं घरात बोलणं सुरू झालं.

"अगं, मग सांगायचं ना, नाव नवीन आहे म्हणून!"

"कुनाला सांगू? तुम्ही दिलेलं नाव मला आपलं वाटत न्हाई, असं नव्या सुनेनं सासूला सांगायचं?"

सर, प्रकरण, जपान, सगळं मी विसरले. तिला परत नेलं होतं हे उघड होतं, नाहीतर मी झालेच नसते. तरी माझा जीव खालीवर होत होता.

"मग ओ द्यायला कशी लागलीस?"

"शेतात शिकले. खुरपायला एकटी असले की मीच मला हाक मारायची, नव्या नावानं, मोठ्यानं. आन् मीच ओ द्यायची."

मला हवं होतं ते सापडलं होतं. खरं सांगते, मला आनंदच झाला. वाक्य मनातल्या मनात जुळायलाही लागलं.

"ते लवकर आलं गं," आई म्हणाली. "मंग जुन्या नावानं हाक मारायची. माझी माय मारायची तशी, लांबवून. आन् मान वर न करता खुरपत ऱ्हायची. त्याला लई दिवस लागले. रडू यायचं." तिनं देठ बाजूला टाकले. "पन जमलं. सासूबाई म्हनल्या, दिवाळी झाली की न्यायला येतो. तवा जिवात जीव आला."

"मग सुटलीस."

"हाव. दिवाळीला माहेरी गेले. सकाळी मायनं न्हायला चल म्हनून मागून हाक मारली. पुन्हा मारली. मी तशीच बसून." आईचे हात थांबले. "माय धावत आली. माझे केस बाजूला करून दोन्ही कान बघितले तिनं. तिला वाटलं, सासरच्यांनी कानाखाली मारून पोरीला बहिरी केली."