एका प्लगावरचं घर

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराचं वायरिंग झालं तेव्हा लोकांच्या विजेकडून फारशा अपेक्षा नसाव्यात. खोलीत एक दिवा, आणि सगळ्या घराला मिळून मधल्या खोलीत एक प्लग, तोही रेडिओसाठी. लाकडी पट्टीतून कापड गुंडाळलेल्या वायरी वर आढ्याकडे गेलेल्या. रेडिओच्या जागी टीव्ही आला, मग इस्त्री आली, नव्वदच्या सुमाराला मिक्सर आला आणि त्याच्यामागून फ्रिज. प्लग मात्र एकच राहिला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर सोपा तोडगा काढला होता: प्लगात प्लग. तीन तोंडांच्या प्लगात दुसरा तीन तोंडांचा, त्यात आणखी एक. भिंतीतून ही उतरंड आडवी बाहेर आलेली असायची आणि येताजाता कुणाचा खांदा लागला की टीव्हीवरच्या बातम्या मधेच गप्प व्हायच्या.

भिंती फोडून नवं वायरिंग करायला अण्णा तयार नव्हते. पांढऱ्या मातीच्या भिंती, खिळा ठोकला तर ओंजळभर माती पडते, छिन्नी लावली तर घरच अंगावर येईल, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या काकूंनी रंग काढताना भिंती फोडून सगळ्या खोल्यांत पॉइंट घेतले, तेव्हा त्यांच्याकडे माणसांपेक्षा बटणं जास्त झाली म्हणून अण्णा कितीतरी दिवस चेष्टा करत होते. आमच्याकडे वायरिंगच्या जागी शिस्त होती. मिक्सर लावायच्या आधी आईनं स्वयंपाकघरातून हाक द्यायची, मी इस्त्री काढायची. विसरलं की फ्यूज जायचा आणि अण्णा भरल्या ताटावरून उठून स्टुलावर चढायचे. मला त्या प्लगाचा मनस्वी राग होता. एक बाही कडक आणि एक चुरगळलेली, अशी मी कितीदा कॉलेजला गेले आहे.

दोन हजार साल उलटल्यावर आत्ती आमच्याकडे राहायला आली. अण्णांची ही थोरली बहीण निपाणीकडे दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा अण्णा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. तिनं उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काम केलं होतं आणि ती धूळ दमा होऊन छातीत बसली होती. अण्णा काम करायचे ते अख्खं मार्केट यार्ड त्यांच्या आवाजाला दबकून असायचं, पण आत्ती त्यांना 'तम्मा' म्हणायची, तिकडे धाकट्या भावाला म्हणतात तसं. ती हाक आली की अण्णांचा आवाज आपोआप खाली यायचा.

आत्ती नेमधर्माची कडक. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट नाही, आणि ज्या घरात मांसमच्छी शिजते तिथलं पाणीही नाही. शेजारच्या काकूंचं माहेर कोकणातलं, त्यांच्या फळीवर सुक्या बोंबलांचा डबा कायमचा. तरी दोघींचं चांगलं गूळपीठ जमलं होतं. दुपारी कट्ट्यावर बसून लसूण सोलता सोलता त्या जगाचा हिशेब चुकता करायच्या. आत्ती काकूंच्या नातीला मांडीवर घ्यायची, पण त्यांचा उंबरा कधी ओलांडायची नाही. काकूंना ते लागत असेल, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

डॉक्टरांनी आत्तीला वाफेचं मशीन दिलं. दम लागला की मास्क तोंडाला लावायचा आणि बटण दाबायचं, औषधाची वाफ छातीत जाते. अर्थात मशीनही त्याच प्लगावर. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायचे दिवस आले. अख्ख्या पेठेत मिरचीचा खकाणा भरलेला, आत्तीला दुपारी जोराचा दम लागला. मी मशीन लावलं, आई आत मिक्सरवर लसूण-खोबरं वाटत होती, घाबरून मी इस्त्री काढायला विसरले आणि फ्यूज गेला. मास्कमधली वाफ थांबली. आत्ती आमच्याकडे नुसती बघत राहिली, तिला बोलता येत नव्हतं. अण्णा स्टुलावर चढले खरे, पण बारीक तार दोनदा त्यांच्या बोटांतून निसटून पडली, तिसऱ्यांदा बसली तेव्हा कुठे मशीन पुन्हा सुरू झालं. अण्णांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठल्याशा मोटारीच्या वायरीतले तांब्याचे धागे काढले, एकत्र पिळले आणि फ्यूजमध्ये ते जाड वेटोळं घट्ट बसवलं. आता जाऊन दाखव म्हणावं, असं ते फ्यूजकडे बघून म्हणाले. फ्यूजची तार जळते ती भिंतीतल्या वायरी वाचाव्यात म्हणून, हे कळायला आम्हाला वेळ लागला. तेव्हा एवढंच दिसत होतं की फ्यूज जात नाही आणि आत्तीचं मशीन बंद पडत नाही. आम्ही हाका मारायचं सोडून दिलं. इस्त्री, मिक्सर, पाण्यात सोडायची कॉइल, सगळं एकदम चालू लागलं. घराला जणू नवं वायरिंगच मिळालं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर वास यायला लागला. सकाळी जास्त, दुपारी कमी, पण रोज. मासळीचा वास. आमच्या घरात मासा कुणी हातात धरला नव्हता, पण मंडईतून नाकाला पदर लावून जाताना एवढी ओळख झालेलीच असते. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्याच बोळात उघडायची, त्यामुळे शोध घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही. आई गोड शब्दांत सांगून आली, की आत्तीला त्रास होतो, जरा खिडकी लावून करा. काकू बरं म्हणाल्या. वास थांबला नाही. मग अण्णा बोळात उभे राहून, कुणाचं नाव न घेता, पण पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. आम्ही खिडक्या लावल्या, ऊद जाळला, उदानं आत्तीचा दम आणखी वाढला, आणि तेही आम्ही काकूंच्या खात्यावर मांडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आत्तीनं कट्ट्यावर बसणं सोडलं. काकू एकट्याच लसूण सोलत बसायच्या.

एका रविवारी सकाळी आत्ती मशीन लावून बसली होती. टीव्ही चालू, बादलीत कॉइल सोडलेली, आत मिक्सर. काकू दारात आल्या. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही. चपला काढून त्या सरळ मधल्या खोलीत आल्या आणि वास घेत उभ्या राहिल्या.

"ह्यो मासळीचा वास न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमी बोलला त्या दिसापास्नं आमच्यात बोंबील भाजल्यालाच न्हाय. आत्तीस्नी तरास नको म्हणून डबा खाली काढला न्हाय. मग रोज वास कुठनं येतोय, ते बघायला आलोय मी."

मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. काकू भिंतीच्या कडेनं पुढे गेल्या आणि प्लगापाशी थांबल्या. त्यांनी पालथा हात बोर्डाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. उतरंडीतला आतला प्लग तपकिरी पडून वाकला होता आणि वरच्या लाकडी पट्टीच्या सांध्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. वास तिथूनच येत होता; प्लग तापून जळायला लागला की असाच मासळीसारखा वास सुटतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. काखेत कळसा आणि आम्ही बोळभर वळसा घालत होतो.

मेन बंद करा, असं काकू अण्णांना म्हणाल्या. अण्णा स्टुलावर चढले, मेनच्या दांड्यावर हात ठेवला आणि वळून आत्तीकडे बघत तसेच उभे राहिले. आत्ती पुढे वाकून बसली होती, प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते. दांडा ओढला असता तर तिची वाफ बंद झाली असती. नाही ओढला तर घर पेटलं असतं. पट्टीतला धूर दाट होत चालला होता आणि अण्णांचा हात हलत नव्हता.

आत्तीनं मास्क काढून हातात घेतला.

"बंद कर, तम्मा. मी हाय."

अण्णांनी दांडा ओढला. टीव्ही गेला, मिक्सर गेला, फ्रिजची घरघर थांबली आणि सगळ्या घरात फक्त आत्तीच्या छातीचा आवाज राहिला. काकूंनी मशीन काखेत मारलं, आत्तीला दंडाला धरून उठवलं आणि माझ्याकडं प्लग हाय म्हणत चालायला लागल्या. बोळ ओलांडून त्या दोघी गेल्या, मागून मी, माझ्यामागं बनियनवर अनवाणी अण्णा. काकूंच्या उंबऱ्याशी आत्ती क्षणभर तरी थांबली का, हे मला आठवत नाही. थांबायला गेली असली तरी काकूंनी थांबू दिलं नसेल.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खुर्चीवर बसवलं, कारण मोठा प्लग तिथं होता. बटण दाबलं आणि मशीन घुमायला लागलं. हळूहळू आत्तीचे खांदे खाली आले, ओठांवरचा निळेपणा गेला. अण्णा दाराशी उभे होते. शेवटी डोळे पुसत त्यांनी विचारलं, की तुमचं वायरिंग कुणी केलं, त्याला आजच बोलावता येईल का.

औषध संपलं तसं काकूंनी मशीन बंद केलं. आत्तीनं मास्क मांडीवर ठेवला आणि वर बघितलं. फळीवर बोंबलांचा डबा होता, झाकणावर कागद लावून दोरीनं आवळून बांधलेला.

"त्यो डबा सोड बाई आज," आत्ती म्हणाली. "लेकरं किती दिस वाट बघत्यात."

काकूंनी हो म्हणून मान हलवली, पण आत्ती समोर बसलेली असताना त्यांनी डब्याला हात लावला नाही. मग तिनं काकूंकडे प्यायला पाणी मागितलं.