उडता घोडा आणि तर्री पोहे

मनीषनगरच्या पोह्याच्या ठेल्यावर एक माणूस मला दर रविवारी भेटतो. मोटरसायकलच्या सीटवर पेपर पसरतो, त्यावर तर्री पोह्यांची प्लेट ठेवतो आणि उभ्यानेच खातो. नाव मी कधी विचारलं नाही. मी पेपरात पुस्तकांवर लिहितो, एवढं त्याला ठाऊक आहे.

जादूच्या राज्याची एक कादंबरीमालिका आहे. तिच्या नव्या, तिसऱ्या भागावर तो महिनाभर चिडलेला होता.

"पहिल्यावाल्याची मजाच नाही राहिली. त्या उडत्या घोड्याले काहून मारलं?" असं म्हणून चमचा प्लेटवर आपटायचा. मलाही ते पटलं आणि परीक्षणात मी तसंच लिहिलं.

ते काल, रविवारी, छापून आलं. ठेल्यावर त्याने ते शेवटपर्यंत वाचलं.

"इतकं वाईट काहून लिहिलं, भाऊ?"

"तुम्हीही हेच म्हणत होता ना?"

"मी म्हणून राहिलो होतो. तुम्ही तर छापून टाकलं!"

हा माझ्यावर रागावला की लेखकावर, मला कळेना. त्याने परीक्षणातला कादंबरीच्या मुखपृष्ठाचा फोटो अलगद फाडून खिशात ठेवला, उरलेलं परीक्षण सीटवर पसरलं आणि त्यावर प्लेट ठेवली. अर्धे पोहे संपल्यावर, वर न बघताच, त्याने विचारलं, "चवथा कधी येऊन राहिला?"