गरज नसलेलं वाक्य

कुणाशी वाजलं म्हणून आपण तावातावानं सुलभाताईंसमोर जाऊन बसलो, की त्या आधी लॅपटॉप मिटायच्या, चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "समोरच्याची बाजू सांग. तुझी मला पाठ आहे." बाजू सांगायची तीही 'तो म्हणतो की' असं नाही. 'मी' म्हणून. आपणच तो आहोत असं धरून. पहिल्या वेळी मला हा पोरखेळ वाटला. सेन्सर पुरवणाऱ्या माणसाशी माझं बिनसलं होतं आणि मला त्याला नोटीस पाठवायची होती. त्याच्या वतीनं पाच मिनिटं बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, की मापं आम्हीच दोनदा बदलली होती. नोटीस राहिली. मी त्याला फोन केला.

सुलभा कर्णिक आमच्या कंपनीचं कायद्याचं काम बघायच्या. कंपनी म्हणजे सिंगापुरात बुओना व्हिस्टाला दोन खोल्या आणि आठ माणसं. लिफ्टचं दार बिघडण्याआधी सूचना देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. समीर आणि मी मिळून ती सुरू केली होती. पुण्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. सिंगापूरला मास्टर्सलाही एकत्रच आलो आणि इथेच राहिलो.

ताई साठीला आलेल्या. मुंबईत आठ वर्षं लघुवाद न्यायालयात वकिली करून नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या. इथल्या कोर्टात उभं राहायची सनद त्यांच्याकडे नव्हती. म्हणून तीस वर्षं त्या निरनिराळ्या कंपन्यांमध्ये बसून करार लिहीत आणि वाचत राहिल्या. कोर्टाचं काम निघालं तर बाहेरचे वकील यायचे आणि ताई मागच्या बाकावर फाइल घेऊन बसायच्या. त्याचं त्यांना वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. "मागच्या बाकावरून सगळ्यांचे चेहरे दिसतात," म्हणाल्या. आठवड्यातले तीन दिवस त्या बेडोकच्या घरून एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, यायच्या, सुती कुडता आणि कॅनव्हासचे बूट घालून. दुपारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, फिश सूप घ्यायच्या. बोलता बोलता एकेक काटा ताटलीच्या कडेला नीट लावून ठेवायच्या.

समीर कंपनी सोडून गेला तो पाचव्या वर्षी. भांडण असं झालंच नाही. बोलणं कमी होत गेलं, एवढंच. सहा महिन्यांनी कळलं, की इथेच क्वीन्सटाउनला त्यानं स्वतःची कंपनी काढली आहे आणि आमच्याच सॉफ्टवेअरचा गाभा तिथे वापरतो आहे. त्याचं म्हणणं होतं, तो गाभा त्यानं कंपनी निघायच्या आधी लिहिला. माझं म्हणणं होतं, करारात स्वच्छ लिहिलं आहे की आधीचं कामही कंपनीचंच. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मी म्हणाले, कोर्टात जायचं. ताईंनी लॅपटॉप मिटला.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना, ती आपल्याकडची म्हण आहे," त्या म्हणाल्या. "इथे पायरी नाही, एस्केलेटर आहे. पाय ठेवलास की वर गेलीसच. आपल्याकडे खटला इतका रेंगाळतो की तोवर माणसं निवळतात. कुणी म्हातारं होतं, कुणाच्या पोरांची लग्नं होतात, राग कशाचा होता तेच विसरायला होतं. इथे तेवढी सवड मिळत नाही. कोर्ट सरळ आहे, वेळेवर आहे. म्हणूनच सांभाळून जा."

"मग काय करू? सोडून देऊ?"

"सोडू नकोस. आधी मेडिएशनला बस, मध्यस्थापुढे. एक दिवस. आणि जायच्या आधी मला समीरची बाजू सांग."

मी सांगितली. तुझ्या डायनिंग टेबलावर मी तीन महिने बसून हे लिहिलं, कंपनीचं नावसुद्धा तेव्हा ठरलं नव्हतं. करार तू पुढे केलास आणि मैत्रीण म्हणून मी न वाचता सही केली. आता बाहेर सगळे हे तुझंच काम समजतात आणि तू ते कधी खोडून काढत नाहीस. मी हे इतक्या सहज बोलत गेले की मधेच थांबले.

ताई म्हणाल्या, "पाठ आहे की तुला."

मेडिएशन एका उंच इमारतीत झालं. एका खोलीत आम्ही, एका खोलीत ते, आणि मधून ये-जा करणारे एक निवृत्त चिनी न्यायाधीश. ते दर वेळी दारावर टकटक करून आत यायचे. जेवणानंतर त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. समीरचा प्रस्ताव साधा होता. गाभा वापरणं तो थांबवेल, ग्राहकही सोडेल. बदल्यात कंपनीनं एक ओळ लिहून द्यायची, की त्या गाभ्याची मूळ रचना त्याची होती.

"मेघना, तुला माहितीये ती कुणाची आहे," तो म्हणाला.

"माहितीये. तुझीच आहे," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण समीरचा चेहरा त्यांना दिसला असावा. "सो, कॅन सेटल?" त्यांनी हलकेच विचारलं. मी नाही म्हणाले. ओळ लिहून देणार नाही. का, ते तेव्हा मी गुंतवणूकदारांच्या नावावर ढकललं. खरं कारण आजही मला नीट सांगता येत नाही. पाच वर्षं मी ते माझं म्हणून सांभाळलं होतं, एवढंच.

त्या खोलीत बोललेलं कोर्टात वापरता येत नाही, असा नियम आहे. परत येताना गाडीत ताई म्हणाल्या, "नियम चांगला आहे. नाहीतर कुणी खरं बोलणारच नाही. कोर्टापुरतं आतलं आत राहील. पण तू त्या खोलीत होतीस, हे तुझं तू विसरू नकोस."

मग प्रतिज्ञापत्र तयार झालं. त्यात एक वाक्य होतं, की मूळ रचना आम्ही दोघांनी मिळून केली. सुरुवातीची लिफ्टची मोजमापं मी गोळा केली होती, म्हणून वकिलांना ते चालण्यासारखं वाटलं. ताईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"हे काढ."

"खोटं आहे का?"

"खोटं आहे असं सिद्ध नाही करता येणार. पण करार पुरेसा आहे, मेघना. हे वाक्य नसलं तरी तू जिंकतेस. मग ते कशाला हवंय?"

मी ते ठेवलं. उलटतपासणीत समीरच्या वकिलानं ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, हे खरं आहे का. मी हो म्हणाले. समीर समोरच्या टेबलाशी बसून कागदाकडे बघत होता. मागच्या बाकावर ताई होत्या. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

सगळं वर्षाच्या आत संपलं. निकाल आमच्या बाजूनं लागला, तोही फक्त करारावर. रचना कुणी केली, या प्रश्नात जाण्याची गरजच नाही, असं कोर्टानं एका परिच्छेदात म्हटलं होतं. तो परिच्छेद मी ऑफिसात उभ्यानं वाचला. कुणीतरी केक आणला होता. मी तो कापला. गोड लागला की नाही, आठवत नाही.

देश एवढासा. दोन महिन्यांनी एका रविवारी हॉकर सेंटरमध्ये मी टेबल शोधत होते, तर समोर समीरची बायको ऋता आणि त्यांची लेक. समीरची कंपनी बंद झाली तसा त्याचा इथे राहून काम करायचा पासही गेला होता. ऋतानं मान हलवली, बस्स. सात वर्षांच्या मुलीला मात्र मला पाहून आनंद झाला. "आंटी, वी गोइंग पुणे नेक्स्ट वीक! नॉट हॉलिडे, फॉर गुड लाह!" मी तिला, अरे वा, म्हणाले. हातातला ट्रे घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि ताटलीतलं सगळं संपवलं.

ताईंनी त्यानंतर काही महिन्यांत काम सोडलं. वाटलं, माझ्यामुळे. खरं कारण कॅन्सर होतं. मी दर शनिवारी बेडोकला जायला लागले. ताई खटल्याचा विषय काढत नसत, मीही काढत नसे. एका शनिवारी मी एक कागद नेला. कंपनीच्या लेटरहेडवर समीरला लिहिलेलं होतं, की मूळ रचना तुझी होती आणि प्रतिज्ञापत्रातलं माझं वाक्य बरोबर नव्हतं. ताईंनी चष्मा मागितला. दोनदा वाचलं.

"याचे परिणाम होऊ शकतात, हे कळतंय ना? आधी मिस टानला दाखव." मिस टान म्हणजे आमची वकील. "तिला आवडणार नाही. तरी दाखव."

"आणि मग?"

"मग तारीख घाल आणि पाठव."

मिस टानला आवडलं नाही. कोर्टाला कळवावं लागेल, म्हणाली. कळवलं. निकाल करारावर उभा होता, तो बदलला नाही. मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी दिला. समीरचं उत्तर आठ दिवसांनी आलं. एकच शब्द होता. 'मिळालं.'

मी ते ताईंना वाचून दाखवलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"आणखी काय हवं होतं तुला?" त्या म्हणाल्या. "टाळ्या?"

त्यानंतर त्या तीन आठवडे होत्या.

अंत्यसंस्कार मंडाईच्या स्मशानात झाले. तिथे प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळते. आमच्या आधीचे लोक बाहेर पडत होते, आमच्या नंतरचे फुलं घेऊन उभे होते. गुरुजींनी थोडक्यात मंत्र म्हटले. काचेपलीकडे पेटी सरकत गेली आणि दार लागलं. आजूबाजूला लोक रडत होते. मला रडू आलं नाही. मी चपला घातल्या.

परतताना बसमध्ये विनायकराव, ताईंचे यजमान, माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "एक विचारू? ती तुझ्यावर रागावली होती का गं?"

"का हो?"

"घरी तुझं नाव कधी काढायची नाही. दर शनिवारी तू यायचीस, गेलीस की विषय बंद. मी विचारलं तर म्हणायची, तिचं तिच्यापाशी."

खिडकीबाहेर रस्ता ओला होता आणि कडेला माणसं झाडांच्या फांद्या छाटत होती.

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

विनायकरावांनी मान हलवली. माझं उतरायचं ठिकाण आलं. मी उठले, तर ते म्हणाले, "शनिवारी येत जा. मी असतो."